टाकीला कमी, बाबांना जास्त

रिपोर्टवरचा आकडा पाहिला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा पूर्णांक दोन. मागच्या वेळी पाचच्या थोडा वर होता. ती रोज भाज्या चिरून, भिजवून, उकळून ते पाणी सिंकमध्ये ओतत होती, जिवाचं रान करत होती, आणि बापाच्या रक्तातलं पोटॅशियम आपलं निवांत वर वर चाललं होतं.

"काय खाल्लंत?" तिने डॉक्टरांच्या देखतच बाबांना धारेवर धरलं.

"तू वाढलंस तेच."

"साफ खोटं!"

किडनीचे डॉक्टर शांत माणूस होते. अशी भांडणं त्यांच्या टेबलापाशी रोजच होत असणार. त्यांनी पुन्हा एकदा समजावून सांगितलं. किडनी थकली की पोटॅशियम बाहेर पडत नाही, रक्तात साचतं. आणि फार साचलं की हृदय आधी सूचना देत बसत नाही, थांबतं. बोलता बोलता थांबतं, जेवता जेवता थांबतं. पाय गळल्यासारखे वाटले किंवा छातीत ठोका चुकल्यासारखा वाटला, तर त्या क्षणी निघून यायचं. मग त्यांनी एकेक विचारायला घेतलं. फळं? बंद. टोमॅटो? बंद. बटाटा? उकळून, तोही कधीमधी.

"आणि मीठ कुठलं वापरता?"

"मिठाचं मी बघते हो डॉक्टर, ते माझ्या हातात आहे," ती फणकारली. "तुम्ही ह्यांना विचारा, ह्यांच्या खिशात काय काय असतं ते!"

डॉक्टरांनी चष्म्यावरून बाबांकडे पाहिलं. बाबांनी खिडकीकडे पाहिलं. मिठाचं तेवढ्यावरच राहिलं.

खिशाची गोष्ट खरी होती. मागे एकदा बाबांच्या कोटाच्या खिशात जर्दाळूच्या बिया सापडल्या होत्या. बाबांनी कबूल केलं, कानाला हात लावला, आणि त्यानंतर मी काही म्हणजे काही खाल्लेलं नाही असं ते शपथेवर सांगत. पण तिच्या लेखी तो खटला बिया सापडल्या तेव्हाच निकालात निघाला होता. आकडा वाढला की बाबा चोरून खातात. दुसरं कारण असूच शकत नाही. कारण दुसरं सगळं तर तीच करत होती.

घरात तिला तोफ म्हणत. म्हणजे बाबा म्हणत, आणि परदेशातला धाकटा भाऊ म्हणे, तोही फोन ठेवल्यावर. ती गाडी चालवायला शिकवायची. तिच्या गाडीत एक ब्रेक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा तिच्या पायाशी, आणि पहिल्या ब्रेकवर कधीही विसंबायचं नाही हा तिच्या धंद्याचा पहिला नियम. दिवसभर ती शेजारच्या माणसावर ओरडायची. क्लच सोड, क्लच! आरसा बघायला लावलाय, केस बघायला नाही! घरी आल्यावर आवाज खाली आणायचं बटण तिला सापडत नसे. नवऱ्याशी पटलं नव्हतं, आई गेल्यावर ती बाबांकडे राहायला आली, आणि आली ती थेट ड्रायव्हिंग सीटवर बसली. बाबांना त्या घरात आता नुसतं शेजारी बसायचं होतं. तिला कोणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मी नसते तर हा माणूस कधीच गेला असता. आणि ते खोटंही नव्हतं.

बाबांची एकच गोष्ट तिच्या ताब्यात नव्हती, ती म्हणजे टाकी.

पुढच्या खोलीत भिंतभर काचेची टाकी होती. खाऱ्या पाण्याची. मासे नावाला चार. खरा संसार प्रवाळांचा. बाबा आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आले, अंधाऱ्या उभ्या बोगद्यात लोंबकळत, ग्रीसने माखलेले. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे निळं, उजेडाचं खूळ घेतलं आणि त्यात बुडाले. बोटाएवढा तुकडा आणून दगडाला चिकटवायचा आणि तो ताटाएवढा होईपर्यंत वर्षानुवर्षं वाट बघायची, हा त्यांचा उद्योग. ह्या जिवांना पाण्यात सगळं मोजून लागतं, आणि त्यात पोटॅशियमही आलं. समुद्रात एका लिटरला साधारण चारशे मिलिग्रॅम असतं, म्हणून टाकीतही तेवढंच हवं. फार खाली गेलं की प्रवाळांचा रंग उडतो, ते राखाडी पडतात, मग कातडी सोडून मरतात. फार वर गेलं तर टोकांपासून जळत येतात. चारशेचा तो आकडा बाबांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ होता. तारीख विसरले म्हणून आईने एकदा अबोला धरला होता. टाकीचा आकडा मात्र ते कधी विसरले नाहीत.

दर रविवारी ते टाकीतलं पाणी काचेच्या नळीत घेत, त्यात थेंब टाकत, चिमूटभर पूड टाकून हलवत. पाणी दुधाळ व्हायचं. नळीच्या बुडाशी काळी फुली होती. दुधाळ पाणी थोडं थोडं ओतत जायचं आणि वरून पाहताना फुली दिसेनाशी झाली की थांबून आकडा वाचायचा. बाबा श्वास रोखून वाचत. आणि ती पाठीमागे उभी राहून धुमसत असे. ह्या माणसाला स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट उघडायला सांगितलं तर चष्मा सापडत नाही, आणि ह्या डबक्यासाठी डोळ्यात तेल घालून बसतो!

त्या रविवारी, डॉक्टरांकडून आल्यानंतरच्या, बाबा नळी धरून बसले ते उठेचनात.

"तीनशे चाळीस," ते म्हणाले.

"बरं मग?"

"बरं मग काय? मरतील गं. तो जांभळा बघ, राख झालाय." पाणी नितळ राहावं म्हणून त्यांनी टाकीमागच्या कप्प्यात एक प्रकारचे पांढुरके दगड भरले होते. दगड घाण शोषत, पण पोटॅशियमही पिऊन टाकत, आणि ते वरून भरून काढावं लागे. त्याची पूड संपली होती. टाकीचं सामान विकणाऱ्या मासेवाल्याकडे फोन केला तर माल अडकलाय, कधी येईल सांगता येत नाही म्हणाला.

"वा!" तिने दोन्ही हात जोडले. "वा, वा! घरात टाकीला कमी, बाबांना जास्त. काढून घ्या तुमच्यातलं आणि ओता तिच्यात!"

बाबा हसले. तिला त्यांच्या हसण्याचा आणखी राग आला.

"हसू नका! त्या दगडाला रंग नाही म्हणून तुमच्या डोळ्यात पाणी येतं, आणि इथे तुमचं हृदय थांबायला आलंय त्याचं काही नाही. मी सकाळपासून रात्रीपर्यंत मरमर मरते ती कोणासाठी? माझ्यासमोर यापुढे पोटॅशियमचं नाव काढायचं नाही. टाकीचं नाही, रक्ताचं नाही. समजलं?"

"समजलं," बाबा म्हणाले.

दोन-तीन दिवसांनी ती घाईघाईने स्वयंपाक करत होती. दुपारचा विद्यार्थी यायचा होता, परीक्षेला दोनदा नापास झालेला, आणि त्याच्या नुसत्या आठवणीने तिच्या कपाळाची शीर उडत होती. बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले. त्यांच्या हातात मिठाचा डबा होता.

"अगं, जरा ऐकतेस का? हे मीठ..."

"मीठ वरून घ्यायचं नाही!"

"घेत नाहीये. मी म्हणतोय, मासेवाला सांगत होता की ह्यात..."

"मासेवाला?" ती झाऱ्यासकट वळली. "आता माझ्या स्वयंपाकात मासेवाला अक्कल शिकवणार? ठेवा तो डबा! ठेवा म्हणते ना! अळणी लागतं, माहितीये मला. तोंडाला चव नाही, माहितीये. पण चव हवी की जीव हवा, ते एकदाचं ठरवा!"

बाबांनी डबा ओट्यावर ठेवला. मग ते टाकीकडे निघून गेले. तिने भाजीत मीठ घातलं. ताटात वाढलं, झाकून ठेवलं आणि गेली. बाबांनी रोजच्यासारखं "बस की जरा" म्हणेपर्यंत दार लागलं होतं.

त्या दिवसापासून बाबा ताटात टाकायला लागले. भाजी निम्मी बाजूला सारायची, पोळी कोरडी खायची, आमटी वाटीत तशीच. आधी तिने बोलून पाहिलं. मग ओरडून पाहिलं. मग तिला कळून चुकलं, म्हणजे तिला वाटलं की कळून चुकलं, की बाहेर चोरून खाणाऱ्याला घरचं कशाला गोड लागेल! भूकच नसणार! तेव्हा तिने नवीन कायदा काढला. बाबा जेवायला बसले की ती समोर खुर्ची ओढून, हाताची घडी घालून बसायची. गाडीची किल्ली टेबलावर.

"ताट स्वच्छ झाल्याशिवाय मी हलणार नाही. माझा धंदा बुडाला तरी चालेल."

मग बाबा जेवायचे. सावकाश. एका घासाला किती वेळ लावावा! मधेच थांबून सांगायचे की लाल शेपटीचा मासा आता त्यांच्या हातून खातो. कुठल्याशा जुन्या लिफ्टची गोष्ट काढायचे, जी तिसऱ्या मजल्यावर आपोआप थांबायची आणि कोणीच चढायचं नाही. ती घड्याळाकडे बघत म्हणायची, "तोंड खाण्यासाठी उघडा." आणि बाबा शेवटचा घाससुद्धा गिळायचे, वाटी पुसून घ्यायचे. ती जिंकल्यासारखी उठायची.

अशात तिच्या एक लक्षात आलं. टाकी सुधारत होती. राखाडी पडलेल्या जांभळ्या प्रवाळाच्या कडांना परत रंग चढत होता; आधी पुसट, मग चांगला ठळक.

"पूड मिळाली वाटतं?" तिने विचारलं.

"हो... म्हणजे, झाली सोय."

"कुठून?"

"झाली आपली," बाबा म्हणाले आणि काच पुसायला लागले.

तिला खोटं बोलणारा माणूस मागच्या मानेवरून ओळखता येत असे. मासेवाल्याला तिने फोन लावला. माल अजून आला नव्हता. म्हणजे बाबा दुसरीकडे कुठेतरी जातात. म्हणजे ती नसताना घराबाहेर पडतात. म्हणजे वाटेत खातात! तिच्या डोक्यात सगळं घड्याळासारखं जुळलं, आणि एका दुपारी शिकणाऱ्याला अर्ध्या रस्त्यात "आज पुरे" सांगून तिने गाडी घराकडे वळवली. रंगेहाथ पकडायचं, असं ठरवूनच.

दार हळू उघडून ती आत आली. पुढच्या खोलीत कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात बाबा ओट्याशी पाठमोरे उभे होते. मिठाचा डबा उघडा, हातात चमचा.

"बाबा!"

चमचा खाली पडला. मीठ फरशीवर सांडलं.

"नुसतं मीठ? चमच्याने मीठ खाताय? अहो, लहान पोरंसुद्धा असं करत नाहीत! लाज नाही वाटत? मी तिकडे उन्हात गाडी फिरवत घसा फोडतेय आणि तुम्ही इथे..." तिला श्वास पुरेना. "तुम्हाला मरायचंच आहे का? तसं सांगा ना एकदा! सांगा, म्हणजे मी तरी सुटेन!"

"खात नाहीये गं. टाकीसाठी घेत होतो."

"टाकीसाठी मीठ? समुद्राला मीठ? मला काय दूधखुळी समजता?"

"अगं, ह्यात पोटॅशियम आहे," बाबा म्हणाले.

तिने ऐकलेलं अजून आत पोचलं नव्हतं. बाबा खाली वाकून मीठ गोळा करायला लागले आणि फरशीकडे बघत सांगत राहिले. मासेवाला म्हणाला होता, पूड येईपर्यंत घरात ते हृदयवालं मीठ असेल तर बघा. त्यात निम्मं साधं मीठ असतं आणि निम्मं पोटॅशियमचं. आपल्या पुडीत असतं तेच. साध्या मिठाने टाकीला काही होत नाही, ती खारीच असते. म्हणून पाण्यात विरघळवून रोज थोडं थोडं घालत होतो. आज मोजलं, तीनशे नव्वद भरलं.

तिने वरच्या फळीवरून मिठाचं न फोडलेलं पाकीट काढलं. पुढे मोठं लाल हृदय. ब्लड प्रेशरच्या डॉक्टरांनी मागे कधीतरी मीठ कमी करा म्हटल्यावर तिनेच दुकानात ते हृदय बघून हे पाकीट उचललं होतं, आणि मग तेच आणत राहिली. किडनीचं दुखणं नंतर निघालं. मीठ बदलायचं तिच्या मनातही आलं नाही; चांगलं मीठ होतं ना ते! साध्याहून अळणी लागतं म्हणून ती चिमूटभर जास्तच घालायची. बाबांच्या ताटात तर आणखी, कारण बिचाऱ्यांना दुसरी कुठली चव राहिली नव्हती. तिने पाकीट उलटं केलं. सोडियम क्लोराइड. पोटॅशियम क्लोराइड. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत, किडनीचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

"कधी कळलं तुम्हाला?" तिने विचारलं. आवाज तिचा नव्हताच.

"त्यानं फोनवर सांगितलं तेव्हाच."

"आणि मला बोलला नाहीत?"

"आलो होतो की सांगायला. डबा घेऊनच आलो होतो."

तिला तो दिवस आठवला. झारा आठवला. स्वतःचं एकेक वाक्य आठवलं. चव हवी की जीव हवा! तिने ओरडायला तोंड उघडलं आणि तिला कळेना की कोणावर.

"आणि तरीही खात राहिलात? रोज?"

बाबा उठायला गेले. त्यांनी ओट्याची कड धरली, पण गुडघे सरळ होईनात. "पाय जरा..." ते म्हणाले. "पायात जोरच नाहीये गं."

गाडी दाराशीच होती, टपावर शिकाऊ गाडीची पाटी. तिने बाबांना जवळजवळ उचलूनच शेजारच्या सीटवर, म्हणजे तिच्या रोजच्या जागेवर, बसवलं आणि गाडी काढली. चौकात त्यांचा लुळा पाय घसरून त्या बाजूच्या ब्रेकवर पडला. गाडी गचकन थांबली. मागच्यांनी भोंग्यांचा गोंगाट केला. एरवी तिने काच खाली करून सगळ्यांच्या सात पिढ्या काढल्या असत्या. तिने खाली वाकून बाबांचा पाय हळूच बाजूला केला आणि पुन्हा गाडी सुरू केली.

हॉस्पिटलमध्ये छातीला तारा लावल्या, कागदावर रेघ निघाली, आणि ती रेघ बघून तिथल्या मुली पळायला लागल्या. इंजेक्शन, सलाइन, मग त्याच संध्याकाळी डायलिसिस. आकडा सातला टेकला होता. किडनीचे डॉक्टर आले, त्यांनी विचारलं, "काही विशेष खाल्लं होतं का?"

"मीठ," ती म्हणाली. "कमी सोडियमवालं. मी घालत होते. तुम्ही मला विचारलं होतं मिठाचं, मी तुम्हाला बोलू दिलं नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

बाबा वाचले. दुसऱ्या डायलिसिसनंतर पायात जोर आला, आकडा पाचच्या आत उतरला, रेघ ठीक झाली. ती कपडे आणायला घरी गेली तेव्हा टाकी निळी उजळलेली होती, पंप गुणगुणत होता, आणि तो जांभळा प्रवाळ एखाद्या राजासारखा पसरला होता. तिच्या एकाच डब्यातलं मीठ दोघांनी खाल्लं होतं. ह्याला रंग चढला होता. ती काचेसमोर मुठी आवळून उभी राहिली. हातोडा घ्यावा आणि फोडून टाकावं सगळं, पाणी जिन्यावरून वाहू दे. पण राग टाकीचा नव्हता, आणि हे तिला तिथेच, त्या क्षणी, पक्कं समजलं होतं. राग स्वतःचा होता, आणि स्वतःवर ओरडायची तिला सवय नव्हती. तिने लाल हृदयाची पाकिटं, उघडा डबा, सगळं कचऱ्यात टाकलं. मग माशांना चिमूटभर खाणं टाकून ती परत गेली.

त्यानंतर ती बोलेनाशीच झाली. पाणी देऊ का, उशी नीट करू का, पंखा लहान करू का. असं सगळं हळू, परवानगी मागून. शेजारच्या पलंगावरच्या बाईने तर बाबांना विचारलं, तुमची सून का हो? किती शांत आहे!

बाबांनी एक दुपार ते सोसलं. मग चमचा भांड्यात ठेवून म्हणाले, "डॉक्टरांनी तुला काय सांगितलंय?"

"काही नाही. तुम्ही बरे आहात. परवा सोडतील."

"मग तू अशी का बोलतेस? मला वाटायला लागलंय, मी गेलोय आणि मला कोणी कळवलेलं नाही."

तिला हसू आलं नाही. ती चादरीची कड दुमडत राहिली.

"काय विचारायचंय ते विचार ना," बाबा म्हणाले. "तिथे स्वयंपाकघरात विचारत होतीस, तेवढ्यात माझे पाय गेले."

तिने दुमडलेली कड पुन्हा उलगडली.

"पहिल्या वेळी मी तुम्हाला बोलू दिलं नाही. मान्य. तो माझा दोष," ती म्हणाली. "पण नंतर? रोज समोर बसत होते मी. तासभर बसत होते. मीठ वाईट आहे, हे एवढंसं वाक्य! घास तोंडात घालायच्या आधी म्हणायचं. का नाही म्हणालात? घाबरत होता मला?"

"घाबरतो तर खरा," बाबा म्हणाले. "पण ते कारण नाही."

"मग?"

त्यांनी हातावरच्या पट्टीचं टोक उचकटलं, पुन्हा चिकटवलं. "तू समोर बसायचीस ना, म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे. तू घरात येतेस, ओरडतेस, वाढतेस, जातेस. सगळं माझ्यासाठीच करतेस, मला कळतं. पण बसत नाहीस. मी ताटात टाकायला लागलो तो ते मीठ पोटात जाऊ नये म्हणूनच. आणि तू खुर्ची ओढून समोर बसलीस. आई गेल्यापासून जेवताना कोणी समोर बसलं नव्हतं." बाबा खालीच बघत होते. "सांगितलं असतं तर तू मीठ फेकलं असतंस, आणि ताट झाकून निघून गेली असतीस. म्हटलं, उद्या सांगू. मग उद्या आला की म्हटलं, उद्या."

तिच्या आत जे काही इतके दिवस बंद होतं ते एकदम फुटलं.

"मी बसावं म्हणून?" ती उभी राहिली, स्टूल मागे आपटलं. "मी समोर बसावं म्हणून तुम्ही विष खाल्लंत? माझ्या हातचं, माझ्या डोळ्यांसमोर, वाटी पुसून पुसून? आणि मी मूर्खासारखी घड्याळ बघत होते! मेला असता तर? त्या खुर्चीत, घास तोंडात असताना, माझ्यासमोर मेला असता तर मी काय केलं असतं? त्या टाकीला सांगितलं असतं का, की घे बाई तुझं पोटॅशियम? अहो, एवढ्यासाठी? एवढ्या एका गोष्टीसाठी? 'बस' म्हणायला तोंड नव्हतं तुम्हाला? दोन अक्षरं! बस! म्हणायचं की!"

शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली. बाहेर कोणाची तरी पावलं वाजायला लागली.

"म्हणायचो गं," बाबा म्हणाले. "रोज म्हणायचो."

सिस्टर धावत दारात आल्या आणि कृपा करून हळू बोला, हे हॉस्पिटल आहे, म्हणाल्या. पण तेव्हा तिथे कोणीच बोलत नव्हतं.